माहेरची दवंडी

माघ वद्य पंचमी, प्लेगाचे पहिले वर्ष. स्थळ कल्याण, कमिटीच्या कचेरीची ओसरी. हजर: कमिटीचे अध्यक्ष, ठाण्याहून आलेले सरकारी डॉक्टर, बाजारपेठेतले एक शेठ, टिपण घेणारे कारकून, दाराजवळच्या बाकावर मी, मुलींच्या शाळेची मास्तरीण, आणि ओसरीखाली अंगणात, मांडीवर डफ घेऊन बसलेला गावचा दवंडीवाला.

कारकुनांनी त्याला हजेरीत धरले नव्हते. मी धरते, कारण त्या दिवशी काम झाले ते त्याच्याच शब्दाने झाले, आणि पुढे जे झाले तेही सगळे त्याच्याच नावावर गेले.

कल्याणात राहिलेल्या कोणालाही त्याची लकब सांगायला नको. पारनाक्यावर येऊन तो डफावर दोन थापा मारी. मग डावा तळहात कानावर ठेवी, डोळे मिटी आणि 'ऐका हो ऐका' म्हणून जो सूर लावी, तो खाडीवरच्या होड्यांपर्यंत जाई. दवंडी संपली की डफावर बोटाने एक टिचकी, आणि शेवटचे वाक्य नेहमीचे: "ऐकलं त्याचं भलं, नाय ऐकलं त्याचं पण भलं."

हे वाक्य सरकारी कागदात कधीच नसे. ते त्याचे स्वतःचे.

तो गावाबाहेर राहणारा. कचेरीची पायरी चढायची त्याला मुभा नव्हती. कारकून ओसरीच्या कडेला उभे राहून हुकूम वाचून दाखवीत आणि तो खालून ऐके. तरीही सरकारचा शब्द गावभर जाई तो त्याच्याच तोंडून. वयाने तो माझ्या वडीलभावाएवढा, पण मी त्याला 'अरे' म्हणे आणि तो मला 'मास्तरीणबाय'. यात काही चमत्कारिक आहे असे तेव्हा आम्हां कोणाच्या मनात येत नसे.

माझा त्याच्यावर राग होता, तो वेगळ्या कारणाने. मला कामाच्या याद्या करायची खोड आहे आणि लिहिलेले तसेच्या तसे झाले नाही तर मला चैन पडत नाही. आणि त्याने हुकूम तसाच्या तसा कधी सांगितलाच नाही. पोखरणीच्या विहिरीतला गाळ काढायचा होता, तेव्हा हुकूम होता की उद्या विहिरीचे पाणी कोणी भरू नये. याने ओरडून सांगितले, "उद्या विहीरबायची न्हाणी हाय, आयाबायांनो, तिच्या अंगावर घागरी नका आदळू." बायका हसल्या, पण दुसऱ्या दिवशी एकही घागर विहिरीवर गेली नाही. शाळेपुढून जाताना मी त्याला थांबवून बजावले, की जे लिहून दिले आहे तेच म्हणत जा. तो डफाच्या कातड्यावरून हात फिरवीत म्हणाला, "म्हणतो की. फक्त जरा धुऊन म्हणतो. कागदाला घाण लागली तर चालते, माणसाच्या कानाला नाय चालत."

एकदा एका कोळणीचे तीन वर्षांचे पोर हरवले. आईला शेजारणींनी धरून बसवले होते. दवंडीवाला आला तो 'हरवले आहे' म्हणेना. "लाल झबलं घातलेला एक पावना गाव बघाया गेलाय हो. त्याच्या आयेला सांगून जायाचा विसरला. कुणाला दिसला तर सांगा, जेवण निवलं." त्या बाईचे रडणे ऐकता ऐकता थांबले. पोर बंदरावर मिठाच्या गोण्यांआड झोपलेले सापडले. मी त्या दिवशी नाक्यावर होते. एवढे मात्र कबूल करावे लागले, की लिहून दिलेल्या वाक्याने त्या बाईला उठून बसता आले नसते.

तर असा हा माणूस. गोड शब्द शोधायचे त्याला वेड होते, आणि तो सापडला की स्वतःवरच खूश होऊन गालात हसायची सवयही. गर्व म्हणा हवे तर.

त्या वर्षी थंडीत गावात उंदीर मरू लागले आणि मग माणसे. सरकारचा हुकूम आला: ताप किंवा गाठ असलेल्यास घरातून काढून वालधुनी नदीपलीकडच्या छावणीत नेण्यात येईल, घर उघडून तपासण्यात येईल, आड येणारास शिक्षा होईल. बायकांना पुरुषांनी तपासायचे नाही, म्हणून घरात जायला कमिटीने मला घेतले. मला वाचता येत होते, विधवा असल्यामुळे घरी नवरामुले वाट पाहत नव्हती, आणि मी कामाची व्यवस्थित आहे असे सगळे म्हणत.

पहिली दवंडी त्याने कारकुनांच्या दमदाटीमुळे अक्षरशः कागदाबरहुकूम दिली. आता मराठीत 'नेणे' हा शब्द आजाऱ्याला कोण लावतो? 'नेलं का?' असे आपण विचारतो ते मयताच्या घरी. संध्याकाळपर्यंत गावाने दारांना आतून अडसर घातले. आजारी माणसे माळ्यावर गेली, कणगीमागे गेली. एका घरात म्हातारी तापाने फणफणलेली, तिला देवघरात बसवून हातात जपमाळ दिली होती. भोईवाड्यात डॉक्टरांच्या शिपायावर दगड आला आणि त्याचे कपाळ फुटले.

त्यावर ती पंचमीची सभा. डॉक्टर म्हणाले, आता ठाण्याहून गोरे सोजीर मागवतो, दारे फोडतील. अध्यक्ष हात जोडून म्हणाले, सोजीर बायकांच्या अंगाला हात लावतील आणि मग गाव पेटेल. एकदा नीट सांगून पाहू. शेठ म्हणाले, नीट सांगणारा खाली बसलाय.

त्याला विचारले गेले. त्याने तळहात कानावर ठेवला, डोळे मिटले. मग त्याच्या गालात ते हसू आले.

"माहेरपणाला चला म्हणू," तो म्हणाला. "चार दिसांचं माहेरपण. चूल नाय, जातं नाय, सासू नाय. बाया हसतील. हसली बाय का दार उघडती."

ओसरीवर सगळे हसले. महिनाभरात कोणी हसले नव्हते. डॉक्टर मराठी नव्हते, त्यांना शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागला. समजल्यावर तेही हसले. मग अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हा तुम्हा बायकांचा शब्द. चालेल ना?"

सासर मी पाहिले ते काही महिने, तेही अजाण वयात. बाकी सगळा जन्म माहेरी गेला, भावाच्या घरात, भावजयीच्या स्वयंपाकघरात. त्या शब्दात काय आहे आणि काय नाही हे त्या ओसरीवर मला एकटीलाच ठाऊक होते.

"चालेल," मी म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी किती गाड्या लागतील त्याची यादी करायला घेतली.

ती दवंडी कल्याणने पूर्वी ऐकली नव्हती आणि पुढे कधी ऐकणार नाही. सकाळच्या उन्हात तो आळीआळीतून फिरला. "ऐका हो लेकीसुनांनो, वालधुनीपल्याड सरकारनं माहेर मांडलंय. अंगात तापाची कसर असंल, काखेत, जांघेत दुखत असंल, तिनं चार दिस माहेरपणाला यायचं. बसून खायचं, निजून ऱ्हायचं. गाडी दारात येईल, मुराळी म्हणून मास्तरीणबाय येतील." खिडक्या उघडल्या. एकीने वरून विचारले, "साडीचोळी कोण करणार रे माहेरची?" तो थांबलासुद्धा नाही. "चोळी डॉक्टर करंल, साडी मास्तरीणबाय. सासूला काय ते तू कर." अख्खी आळी हसली. सासवाही हसल्या.

नंतर मी त्या दवंडीतले एकेक वाक्य तपासून पाहिले आहे. खोटे असे एकही नाही. चूल नव्हती, जाते नव्हते, निजून राहायचे होते. गाडी दारात गेली आणि मी मुराळी म्हणून, लेकीला आणायला आलेली म्हणून, गाडीत होते.

एका तांबटाची सून आठवते. हातोडीचे ठोके ऐकत वाढलेली, म्हणून मोठ्याने बोलायची. जांघेत गाठ होती. ती प्लेगाची की पायाला भांडे लागून झालेल्या जखमेची, हे पुढेही कोणी सांगू शकले नाही. ती ठेवणीतले लुगडे नेसून, फणी आणि तेलाचा बुधला बरोबर घेऊन गाडीत बसली. माहेरी आई डोके विंचरते, म्हणून फणी. तिचा नवरा गाडीच्या दांडीला हात लावून वेशीपर्यंत चालत आला आणि हसतच परतला.

छावणी म्हणजे तट्ट्यांच्या झोपड्यांच्या रांगा. नियमाप्रमाणे अंगावरचे कपडे जाळायचे. तिचे लुगडे जळताना तिने मला विचारले, "बाई, ही कुठली हो माहेरची रीत?" तेव्हाही थट्टेनेच. भेटायला कोणाला येऊ देत नसत. रोज सकाळी मी रांगेतून जाऊ लागले की ती म्हणे, "माझं डोकं तरी विंचरा, म्हणजे माहेर पटेल." मी म्हणे, हातातले उरकून येते. हातातले कधी उरकत नसे. ती गेली तेव्हा तिचे केस गुंतलेलेच होते. तिला तिथेच, नदीकाठी, घरच्या माणसांवाचून अग्नी दिला गेला.

डॉक्टर म्हणत, की या बायका घरात राहिल्या असत्या तर घरेच्या घरे गेली असती. ते खरे असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही आणि आजही घालत नाही. मी फक्त एवढे सांगते, की माहेरपणाला म्हणून ज्या गेल्या त्यांतल्या फार थोड्या परत आल्या.

आणि मग तो शब्द नासला. कसा नासला, ते तुम्हीही ऐकले असेल. भांडणात सासवा सुनांना 'मर' म्हणायच्या ऐवजी 'जा माहेरी' म्हणू लागल्या. मुली सागरगोटे खेळताना जिचा डाव जाईल तिला ओरडत, 'गेली माहेरी'. माझ्याच शाळेत मी हे ऐकले. कोणाला रागावू? परगावहून लग्न होऊन आलेल्या पोरी आईकडे जायचे असले तर गावाचे नाव घेत. मुरबाडला जाते, भिवंडीला जाते. माहेर हा शब्द तोंडाबाहेर काढीनात.

फाल्गुनात एका दुपारी मी छावणीतून गाडीने परत येत होते. पारनाक्यावर घोळका दिसला. मधोमध तो, गुडघ्यांवर. त्या तांबटाच्या मुलाने, गेलेल्या सुनेच्या नवऱ्याने, त्याचा डफ फोडला होता आणि डफाच्या लाकडी कड्यानेच तो त्याला मारीत होता. प्रत्येक फटक्याआधी म्हणत होता, "म्हण. माहेर म्हण." आणि हा म्हणत होता. त्याच सुरात, तळहात कानावर ठेवून, कारण त्या हातावाचून त्याला सूर लागत नसे. "माहेरपणाला चला हो." फटका. "माहेरपणाला चला."

मी गाडीतून उतरले. गप्प राहिले असे नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्याला सोडा. तसे कमिटीत ठरले होते."

तांबटाच्या मुलाने मान वर केली. "कोणी ठरवलं?"

"कमिटीत ठरले," मी पुन्हा म्हणाले.

"कमिटीला तोंड कुठाय, बाई? तोंड तर याचंय." आणि त्याने पुन्हा हात उचलला.

मी मुलींना व्याकरण शिकवते. 'ठरले' या क्रियापदाला कर्ता सांगावा लागत नाही, हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको. 'मी चालेल म्हणाले' या वाक्यातला कर्ता पहिलाच शब्द आहे. ते वाक्य माझ्या तोंडाशी होते. पण तोंडातून कचेरीचे वाक्य बाहेर पडले. शेवटी शेठजींच्या पेढीवरची माणसे धावत आली आणि मार थांबला. त्याच्या डाव्या कानातून रक्त येत होते. त्या कानाने त्याला पुढे ऐकू येईनासे झाले.

तुम्ही म्हणाल, तो माझ्यावर चिडला असेल. तसे दिसले नाही. वैशाखात, छावणी मोडल्यावर, तो शाळेच्या अंगणात येऊन बसला. डफ नव्हता, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हते. त्याची एकुलती एक लेक टिटवाळ्याला दिलेली. पहिलटकरीण, सातवा सरलेला. पहिले बाळंतपण आईबापाकडे, म्हणून तो तिला आणायला गेला होता.

"अंगणात उभा ऱ्हायलो, मास्तरीणबाय. आता काय बोलणार? जे बोलायचं तेच बोललो. लेकीला माहेरी न्यायला आलो."

विहिणीने सुनेला आत ओढून दार लावून घेतले. कल्याणची हकीगत टिटवाळ्यापर्यंत गेली होती. दाराच्या फटीतून लेकच रडत म्हणाली, की बाबा, दुसरे काहीही म्हणा, ते म्हणू नका. त्याने दुसरे शब्द शोधले. त्याला शब्द न सापडणे हे नवीन होते. आपल्या घरी चल म्हणून पाहिले, आयेकडे चल म्हणून पाहिले. प्रत्येक शब्दाला ती आतून नाही म्हणे. म्हणाली, तुम्ही गोड बोललात की मला भ्या वाटते.

हे सांगताना तो उजवा कान माझ्याकडे करून बसला होता, माझे उत्तर ऐकू यावे म्हणून. मग त्यानेच मागितले.

"एक दवंडी देववा कमिटीकडनं. माहेर म्हंजे माहेरच. लेक जाती आन् परत येती, तेच्यालाच माहेर म्हणायचं. आमी शब्द उसना नेला होता, तो परत केला. असं कायतरी."

"तूच दे की," मी म्हणाले. "तुझ्यासारखी कोण देणार?"

"माझा कोण ऐकतो आता?" तो म्हणाला. "ज्यांनी म्हणाय सांगितलं, त्यांच्या नावानं पायजे. नावं घेऊन."

उठता उठता सवयीने त्याचे बोट टिचकी मारायला डफ शोधू लागले. तो हसला. "ऐकलं त्याचं भलं, नाय ऐकलं त्याचं पण भलं. जन्मभर बोललो. पयलं खोटं निघालं, मास्तरीणबाय. नाय ऐकलं, त्यांचंच भलं झालं."

मी विषय कमिटीपुढे मांडला. कोणी वाईट बोलले नाही. अध्यक्ष म्हणाले, साथ गेली, आता कशाला खपली काढायची? शेठ म्हणाले, दवंडीने शब्द जात-येत नसतात. डॉक्टरांची बदली झाली होती. विषय पुढल्या सभेवर ठेवावा असे ठरले. हो, ठरले.

लेकीला टिटवाळ्यालाच मुलगी झाली. दोघी सुखरूप. तो पाहायला गेला नाही. आपण दारात उभे राहिलो की ती घाबरेल म्हणून.

पुढल्या थंडीत साथ पुन्हा आली. आता लोक शहाणे झाले होते. दवंडीची वाट न पाहता शेतांत झोपड्या बांधून राहायला गेले. छावणी पुन्हा मांडली, पण तिकडे आपण होऊन कोणी येत नसे. मी फाटकाजवळ टेबल टाकून बसले होते. वालधुनीचा उतार उतरून तो एकटाच चालत येताना दिसला. अंगात ताप, चाल वाकडी, एक हात काखेशी दाबलेला, दुसरा डाव्या कानावर, सूर लावायला ठेवावा तसा.

आज गावात सांगतात, की फाटकावरच्या रखवालदाराने कुठे चाललास विचारले तेव्हा तो 'माहेरी' म्हणाला. गोष्ट म्हणून ते छान आहे आणि सांगणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणीही येते. पण तसे झालेले नाही. मी तिथे होते.

रखवालदाराने विचारले, "कुठे?"

तो म्हणाला, "दवाखान्यात. मला प्लेग झालाय."

धुतलेला, घासलेला एकही शब्द त्यात नव्हता. तो झोपडीत गेल्यावर मी त्याच्याजवळ बसले. त्या दिवशी हातातली कामे तशीच टाकून बसले, एवढे तरी लिहिते. त्याचा चांगला कान माझ्याकडे होता. 'चालेल मी म्हणाले होते, तुला मारणाऱ्याला मी ते सांगायला हवे होते,' असे मी त्या कानात म्हणाले. तो म्हणाला, "मना काय सांगताव? मी तर तिथंच होतो." मग थोड्या वेळाने, "पोरीला सांगा." दुसऱ्या सकाळी तो गेला.

त्याची लेक कल्याणला अजून आलेली नाही. नात आता चालते, बोलते. आई आपल्या माहेराला काय म्हणते, ते तिला माहीत नसणार.

दवंडीचा मजकूर मी अनेकदा लिहून पाहिला. दर वेळी वाक्य 'कळविण्यात येते की' असे सुरू होते आणि मी ते खोडते. काल एकदाचे साधे लिहिता आले. 'मी, मुलींच्या शाळेची मास्तरीण, त्या दिवशी ओसरीवर होते. मला विचारले. मी चालेल म्हणाले.' यापुढे बाकीच्या हजर मंडळींची नावे. पारनाक्यावर उभी राहून मला ते वाचता येईल, आणि तिथून टिटवाळ्याची वाट दूर नाही.

या आठवड्याची कामे: शाळेचे छप्पर शाकारून घेणे, झाले. पाट्या आणणे, झाले. नव्या मुलींची नावे घालणे, झाले.

दवंडी देणे.